आपला दुभाष्या आपणच घडवावा

शाळेच्या वार्षिकासाठी "संगणकाविषयी काहीतरी" लिहावे, असा संपादक मंडळातील विद्यार्थ्यांचा आग्रह झाला. संगणकाविषयी लिहावयाचे म्हटले म्हणजे बहुधा विज्ञानाच्या चमत्कारांचे गुणगान अपेक्षित असते. तसले गुणगान करण्याचा माझा विचार नाही. ते वर्तमानपत्रांतून रोज होतच असते, आणि चमत्काराची वाखाणणी ऐकून कोणी शहाणा झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मला येथे एक साधी सूचना मांडावयाची आहे. ती अशी की, नववी-दहावीतील ज्या विद्यार्थ्यांना गणिताची थोडी गोडी आहे त्यांनी, आणि त्यांच्याही आधी आम्हा शिक्षकांनी, 'लिस्प' नावाच्या एका जुन्या संगणक-भाषेचा लहानसा दुभाष्या स्वतःच्या हाताने लिहून पाहावा.

सूचना चमत्कारिक वाटेल, हे मी जाणून आहे. मुडबीसारख्या गावी लिस्पचे नाव आजवर कोणाच्या कानावर आले असेल असे वाटत नाही. आणि ज्या भाषेचे नावही कोणी ऐकले नाही तिचा दुभाष्या घडवून करावयाचे काय, असा प्रश्न पालक विचारतील, तर तो रास्तच आहे. म्हणून प्रथम दुभाष्या म्हणजे काय हे सांगतो, नंतर तो कसा घडतो ते सांगतो, आणि शेवटी तो आपणच का घडवावा ते सांगतो.

दुभाष्या म्हणजे काय, हे खरे पाहता आपणा सीमेवरच्या लोकांना सांगावयास नको. निजामाच्या राजवटीत आपल्याकडे कचेरीची भाषा उर्दू होती, घरची मराठी होती आणि बाजारात कन्नडही चालत असे. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना होऊन बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. शेत मात्र होते तेथेच राहिले. त्याच शेताचा आजोबांच्या वेळचा कागद उर्दूत सापडतो, आजची पहाणी कन्नडमध्ये मिळते, आणि बांधावरचे भांडण मात्र मराठीत होते! अशा प्रत्येक कागदापुढे आपल्या वाडवडिलांना कोणीतरी मधला माणूस लागत असे. तो प्रामाणिक असला तर काम नीट होई. नसला तर अंगठा आधी उठे आणि तो कशावर उठला हे मागाहून कळे. ज्याला कचेरीची भाषा येत नाही त्याचे नशीब मधल्या माणसाच्या हाती असते, हा धडा आपल्या भागाने पुस्तकातून शिकलेला नाही. आजही नाडकचेरीत किंवा दवाखान्यात आजीबरोबर गेलेला आपल्या शाळेचा विद्यार्थी कन्नड कागद वाचून तिला मराठीत अर्थ सांगतो, तेव्हा तो दुभाष्याचेच काम करीत असतो.

संगणक हीदेखील एक कचेरीच होय. त्या कचेरीची मूळ भाषा केवळ शून्य व एक या दोन चिन्हांची आहे. माणसाला ती भाषा बोलता येणे जवळजवळ अशक्य. म्हणून माणूस आपल्याला सोईच्या अशा एखाद्या मधल्या भाषेत आज्ञा लिहितो, आणि त्या आज्ञांचा अर्थ लावून यंत्राकडून काम करवून घेणारी एक आज्ञावली दोघांच्या मध्ये बसलेली असते. या मधल्या आज्ञावलीचे दोन प्रकार आहेत. एक भाषांतरकार. तो सबंध ग्रंथ आधी यंत्राच्या भाषेत उतरवून देतो आणि मग बाजूस होतो. इंग्रजीत त्यास कंपायलर म्हणतात. दुसरा दुभाष्या, म्हणजे इंटरप्रिटर. तो शेजारी उभा राहून एकेक वाक्य ऐकतो आणि त्याचा अर्थ तिथल्या तिथे अमलात आणतो. आपण मोबाइलवर निकाल पाहतो, बँकेचे पैसे पाठवितो, पहाणीचा उतारा काढतो, त्या प्रत्येक वेळी असे कित्येक मधले लोक आपल्या वतीने बोलत असतात. ते दिसत नाहीत इतकेच.

आता लिस्पविषयी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जॉन मॅकार्थी नावाच्या गणितज्ञाने १९५८ साली या भाषेची जुळवाजुळव सुरू केली, आणि १९६० च्या एप्रिल महिन्यात तिचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे इंग्रजी नाव ज्याने १९५५ साली रूढ केले तोच हा मॅकार्थी. यादी या अर्थाच्या 'लिस्ट' शब्दावरून भाषेस लिस्प हे नाव मिळाले, कारण तिच्यात जे काही लिहावयाचे ते यादीच्या रूपानेच लिहावयाचे असते. त्या निबंधात मॅकार्थीने एक विलक्षण गोष्ट केली होती. लिस्पमधील कोणत्याही वाक्याचा अर्थ कसा लावावा, याचे नियम त्याने लिस्पमध्येच, एखाद्या पानात मावतील इतक्या थोडक्यात, लिहून दाखविले होते. त्याच्या दृष्टीने ते कागदावरचे गणित होते. परंतु स्टीव्ह रसेल नावाच्या त्याच्या तरुण सहकाऱ्याने ते वाचून, हेच नियम यंत्रात घालतो, असे म्हटले. सिद्धान्त आणि व्यवहार यांची तू गल्लत करतो आहेस, असे मॅकार्थीने त्यास बजावले. तरी रसेलने त्या वेळच्या 'आय. बी. एम. ७०४' या संगणकाच्या यंत्रभाषेत ते नियम हाताने उतरविले, आणि लिस्पचा पहिला दुभाष्या बोलू लागला. गुरूने कागदावर मांडलेली गोष्ट शिष्याने करून पाहिली, एवढीच ती कथा आहे. पण माझ्या सूचनेचे सारे बीज तिच्यात आहे.

लिस्प शिकण्यास कठीण नाही, कारण तिचे व्याकरण जवळजवळ नाहीच. पदावलीमध्ये कंस आधी सोडवावा, हे आपण पाचवी-सहावीतच शिकतो. लिस्पमध्ये सर्वच कंस असतात, आणि कंसातील पहिला शब्द काय करावयाचे ते सांगतो. दोनामध्ये तीन व चार यांचा गुणाकार मिळवावयाचा, तर असे लिहावे:

(बेरीज २ (गुणाकार ३ ४))

मूळ लिस्पमध्ये बेरजेसाठी अधिकाचे चिन्ह असते. पण दुभाष्या आपला असल्यामुळे तेथे कोणता शब्द ठेवावा हे आपणच ठरवावयाचे, आणि मी मराठी शब्द ठेवले आहेत. हा दुभाष्या मी पायथन या भाषेत लिहिला. पायथन विनामूल्य मिळते, अँड्रॉइड मोबाइलवरही चालते, आणि विशेष म्हणजे देवनागरी लिपीतील अंकही संख्या म्हणून वाचते. माझा दुभाष्या शंभर-सव्वाशे ओळींत संपला. आपल्या वहीची चार-पाच पाने, याहून तो मोठा नाही.

त्याचे काम तीन टप्प्यांचे आहे. पहिला टप्पा वाचण्याचा. लिहिलेल्या ओळीचे तुकडे पाडावयाचे: कंस, शब्द, संख्या. उघडणारा कंस दिसला की नवी यादी सुरू करावयाची आणि मिटणारा दिसला की ती बंद करावयाची. यादीच्या पोटात यादी, तिच्या पोटात आणखी यादी, असे कणगीत मडके आणि मडक्यात लोटी ठेवल्यासारखे होत जाते. शेवटचा टप्पा उत्तर सांगण्याचा; तो तर अगदीच सोपा. मधला टप्पा अर्थ लावण्याचा, आणि दुभाष्याचा प्राण तेथेच आहे. त्याचे नियम तीन. संख्या आली, तर तिचा अर्थ ती स्वतःच. नाव आले, तर कोशात पाहून अर्थ घ्यावा. कंस आला, तर त्यातील प्रत्येक भागाचा अर्थ याच तीन नियमांनी लावावा, आणि पहिल्या भागाने जी कृती दाखविली ती उरलेल्यांवर करावी.

तिसरा नियम पुन्हा वाचावा. त्यात नियम स्वतःलाच बोलावतो. वरच्या उदाहरणात बेरजेचा कंस आला; त्यातील दोन ही संख्या, म्हणून दोन; पुढे पुन्हा कंसच आला, म्हणून नियमाने स्वतःलाच हाक मारली; आतल्या हाकेने बारा हे उत्तर आणून दिले; आणि मग बेरीज होऊन चौदा झाले. कंस कितीही खोल गेले तरी नियम तेवढेच राहतात. हे प्रथम पाहिले तेव्हा मी लेखणी खाली ठेवून काही वेळ तसाच बसून राहिलो. अनेक वर्षे गणित शिकवूनही 'कंस आधी सोडवा' या वाक्यात एवढे सामर्थ्य आहे हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

कोशाची गोष्टही मनोरंजक आहे. 'आबा' हा शब्द गावातील घराघरांत आहे, पण प्रत्येक घरी त्याचा अर्थ त्या घरचा म्हातारा असा होतो. घरात ज्याचा अर्थ सापडत नाही तो शब्द गावात विचारावा. दुभाष्याचे कोशही असेच एकात एक असतात. आधी घरचा पाहावा, तेथे नसेल तर बाहेरचा. मग एक प्रश्न उभा राहतो. सासरी गेलेली मुलगी तेथे बसून 'आमचे आबा' म्हणाली, तर अर्थ माहेरच्या कोशातून घ्यावयाचा की सासरच्या? आपण अर्थातच माहेरच्या म्हणू. आरंभीच्या लिस्पमध्ये मात्र तो सासरच्या कोशातून घेतला जाई, आणि मोठमोठ्या लोकांची फसगत होई. पुढे १९७५ साली जेरल्ड ससमन व गाय स्टील यांनी लिस्पच्या 'स्कीम' नावाच्या बोलीत हे नाते नीट लावून दिले. अशा चुका वाचून समजत नाहीत. आपल्या दुभाष्याने भलत्याच आबांना हाक मारली म्हणजे समजतात.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. संख्येचे क्रमगुणित काढण्यासाठी मी पुढील आज्ञा लिहिली:

(व्याख्या क्रमगुणित
  (कृती (न)
    (जर (समान न ०)
      १
      (गुणाकार न (क्रमगुणित (वजाबाकी न १))))))

न शून्य असेल तर उत्तर एक. नाहीतर न गुणिले त्याच्या आधीच्या संख्येचे क्रमगुणित. आज्ञा बरोबर होती. पाचाचे क्रमगुणित १२० यावयास हवे. पण ती दिल्याबरोबर यंत्र खोल खोल जात राहिले, आणि अखेर पायथनने मर्यादा संपल्याचे सांगून हात टेकले. एका हाकेत दुसरी हाक, अशा सुमारे एक हजार पायऱ्यांची मर्यादा पायथनने स्वतःच घालून घेतलेली असते. ती नसती तर काय झाले असते कोण जाणे! दोन संध्याकाळ मी चूक आज्ञेत शोधीत होतो. चूक माझ्या दुभाष्यात होती. मी 'जर' हा शब्द बेरीज-गुणाकाराच्या पंक्तीत बसविला होता. बेरीज करावयाची तर तिच्या सर्व भागांचा अर्थ आधी लावावा लागतो. 'जर'चे तसे नाही. त्याने आधी अट पाहावयाची, आणि मग दोन वाटांपैकी एकाच वाटेला पाऊल टाकावयाचे. माझा दुभाष्या दोन्ही वाटा चालू पाहत होता, म्हणून शून्याशी न थांबता उणे एक, उणे दोन असा अनंतात निघाला होता. 'जर' हा शब्द मी आयुष्यभर बोलत आलो. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

आणि आता आपल्या भागाच्या दृष्टीने मला सर्वांत आनंद देऊन गेलेली गोष्ट. दुभाष्या लिहून झाल्यावर त्याच्या कोशात मी 'बेरीज' या शब्दाशेजारी 'कूडिसु' आणि 'गुणाकार' या शब्दाशेजारी 'गुणिसु' हे कन्नड शब्द घातले. नंतर जुन्या उर्दू शाळेत शिकलेल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी असणारे 'जमा' आणि 'जर्ब' हेही घातले. मग लिहिले:

(कूडिसु २ (जर्ब ३ ४))

उत्तर आले चौदा. मराठी अंक, कन्नड बेरीज आणि उर्दू गुणाकार एकाच कंसात शेजारी शेजारी बसले, आणि अर्थात तसूभरही फरक पडला नाही. संगणकाला इंग्रजीच समजते, असा जो समज आपल्या मुलांच्या मनात घट्ट बसलेला आहे तो यामुळे निघून जावा. संगणकाला इंग्रजीही समजत नाही, मराठीही समजत नाही. दुभाष्या घडविणाऱ्याने कोशात जो शब्द ठेवला तोच त्याला समजतो. इंग्रजी शिकूच नये, असे मी म्हणत नाही. पुढील ग्रंथ तिच्यात आहेत, ती आली पाहिजे. परंतु इंग्रजी येत नाही म्हणून यंत्र आपले नव्हे, असे मानून मुलाने मागच्या बाकावर जाऊन बसावे, याला काहीही आधार नाही.

यावर आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा की, लिस्पने पोट भरणार आहे काय? नोकरीच्या जाहिरातीत तिचे नाव क्वचितच दिसेल, हे मला मान्य आहे. पण तालमीत जोर काढणारा मुलगा पुढे जोर काढण्याची नोकरी करावी म्हणून ते काढीत नसतो. शेत नांगरताना, पोते उचलताना ती ताकद कामी येते. लिस्पचा दुभाष्या एकदा लिहिला की पुढे कोणतीही भाषा समोर आली तरी मुलगा विचारतो: येथे नाव कोठे शोधतात? येथे 'जर' कसा चालतो? स्वतःला हाक मारता येते काय? नव्या गावी गेल्यावर विहीर, वेस आणि चावडी कोठे आहे हे विचारावे, तसे ते आहे. म्हणूनच मॅसॅच्युसेट्सच्या त्या संस्थेत ससमन व हॅरॉल्ड एबलसन यांनी १९८५ साली नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी जे प्रसिद्ध पाठ्यपुस्तक लिहिले, त्यातही विद्यार्थ्याकडून दुभाष्या घडवून घेतलेला आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आता मोबाइललाच सांगितले तर तो असला दुभाष्या अर्ध्या मिनिटात लिहून देतो. मग मुलांनी डोके का शिणवावे? हे अगदी खरे आहे, आणि हा आक्षेप मला एका विद्यार्थ्यानेच घेतला. त्यास मी उलट विचारले: मोबाइलने लिहून दिलेल्या दुभाष्यात 'जर' चुकीच्या पंक्तीत बसला असेल, तर ते तुला कसे कळेल? तो थोडा वेळ गप्प राहिला व म्हणाला, "मोबाइललाच विचारीन." मित्रहो, या उत्तराने मला आपल्या आजोबांची आठवण झाली. त्यांनाही कागद बरोबर आहे की नाही, हे ज्याने कागद लिहिला त्यालाच विचारावे लागत असे. मधला माणूस हुशार झाला म्हणून आपले परावलंबन संपत नाही. तो जितका हुशार, तितके ते आपल्या लक्षात येईनासे होते. यंत्राची मदत अवश्य घ्यावी. पण ज्याने एक दुभाष्या स्वतः लिहिला आहे त्याने ती घेणे निराळे, आणि ज्याने कधीच लिहिला नाही त्याने घेणे निराळे. पहिला सही करतो, दुसरा अंगठा उठवितो.

तिसरा आक्षेप साधनांचा. खेड्यातील शाळेत संगणक थोडे, त्यात विजेचा भरवसा नाही. याला माझे उत्तर असे की, आरंभाला संगणक लागतच नाही. पाटी-खडू पुरे. एकेक कंस एकेका विद्यार्थ्याकडे द्यावा. बेरजेचा कंस ज्याच्याकडे आहे त्याने, आतल्या कंसाचे उत्तर चिठ्ठीवर लिहून येईपर्यंत, हात पुढे करून उभे राहावे. पाचाच्या क्रमगुणितासाठी सहा मुले ओळीने उभी करावीत. पाच, चार, तीन, दोन, एक, शून्य. प्रत्येकाने पुढच्यास विचारावे. शून्यवाला 'एक' म्हणेल, आणि मग उत्तरे उलट दिशेने परत येऊ लागतील: एक, एक, दोन, सहा, चोवीस, एकशेवीस. स्वतःला हाक मारणारा नियम म्हणजे काय, हे फळ्यावरच्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा या ओळीत उभ्या राहिलेल्या मुलांना अधिक लवकर समजते. त्यानंतर दोघा-दोघांनी मिळून शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर बसावे. पहिल्या महिन्यात तुकडे पाडणे आणि यादी करणे, दुसऱ्यात तीन नियम, तिसऱ्यात कोश, 'जर' आणि 'कृती'. एका सहामाहीत काम पुरे होते.

येथे एक कबुली दिली पाहिजे. संगणकाचा तास म्हणून मी वर्षानुवर्षे मुलांना अक्षर ठळक कसे करावे, चित्रात रंग कसा भरावा, हेच शिकवीत आलो. ते शिकणे वाईट नव्हे. पण त्याला मी संगणक-शिक्षण म्हणत होतो, हे वाईट. ते कचेरीच्या ओट्यावर बसण्याचे शिक्षण होते, कचेरीची भाषा शिकण्याचे नव्हते. मुलांनी मला अधिक काही विचारले नाही, याचे कारण अधिक काही असते हे मीच त्यांना कधी सांगितले नव्हते.

करून शिकण्याचा हा मार्ग आपल्या देशास नवा नाही. मॅकार्थीचा निबंध ज्या १९६० साली प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला संगणक कामास लागला. त्याआधी त्या मंडळींनी एक लहान नमुना-यंत्र बांधून १९५६ साली ते चालवून पाहिले होते. मोठ्या यंत्राला पुढे १९६२ साली पंडित नेहरूंनी 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्याच्या स्मरणकोशात ४० द्विमान-अंकांचे २०४८ शब्द मावत. आजच्या मोबाइलमधील एक छायाचित्रदेखील त्यात बसणार नाही. ते पुरे झाले तेव्हाच परदेशांत त्याहून पुढची यंत्रे निघाली होती, आणि १९६४ साली त्याच संस्थेत परदेशी बनावटीचे मोठे यंत्र आले. मग टिफ्रॅकचा खटाटोप वाया गेला काय? मुळीच नाही. ज्यांनी ते बांधले त्यांना संगणक आतून कळला, आणि विकत आणलेल्या यंत्रापुढे ते गिऱ्हाईक म्हणून नव्हे, तर जाणते म्हणून उभे राहिले. आपला शंभर ओळींचा दुभाष्या टिफ्रॅकपुढे काजव्याएवढाही नाही. परंतु वृत्ती तीच आहे.

अमेरिकेचे आणि मुंबईचे दाखले दूरचे वाटत असतील, तर आपल्याच तालुक्यातला एक देतो. आपले बसवकल्याण हे चालुक्यांच्या राजधानीचे कल्याण. तेथे सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत, म्हणजे १०७६ ते ११२६ या काळात, विज्ञानेश्वर नावाच्या पंडिताने याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली. तिचे नाव मिताक्षरा, म्हणजे मोजक्या अक्षरांची. मूळ स्मृती त्याची नव्हती. त्याने केवळ अर्थ लावला. पण तो अर्थ इतका नेमका होता की पुढे शतकानुशतके, देशाच्या फार मोठ्या भागात, वडिलार्जित मिळकतीवर मुलाचा हक्क केव्हा सुरू होतो हे त्या अर्थावरून ठरू लागले. १८१० साली कोलब्रुकने तिच्या वारसाविषयक भागाचे इंग्रजी भाषांतर केल्यावर इंग्रजांच्या न्यायालयांतही तीच प्रमाण मानली गेली. मूळ वचन एकच, पण बंगालमध्ये दुसऱ्या भाष्यकाराने निराळा अर्थ लावला म्हणून तेथील वाटणीचा कायदा निराळा झाला. अर्थ लावणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, हे यावरून दिसते. वचने दुसऱ्यांनी लिहिली असली तरी अर्थ लावणे आपल्या हाती असावे, ही शिकवण कल्याणच्या मुलखाला कोणी बाहेरून येऊन द्यावयास नको.

लहान दुभाष्या लिहिला म्हणजे सारा संगणक हस्तगत झाला, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या दुभाष्याच्या खाली पायथन आहे, त्याच्या खाली आणखी एक भाषा, तिच्याही खाली यंत्राचे शून्य आणि एक. आपण शिडीची एकच पायरी स्वतः बसविली. परंतु जो एक पायरी स्वतः बसवितो त्याला एवढे निश्चित कळते की, ही शिडीच आहे आणि ती माणसांनीच, एकेक पायरी करून, बांधली आहे. मग तो यंत्रापुढे हात जोडीत नाही आणि त्याला भीतही नाही. न समजलेल्या भागाविषयीही, तो समजण्याजोगा आहे, हा विश्वास त्याच्या ठायी राहतो.

विद्यार्थिमित्रहो, तुमचे आजोबा उर्दू शिकले नाहीत म्हणून दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. तुमच्या आईवडिलांनी कन्नड कागदापुढे तुम्हांला पुढे केले. आता नवी कचेरी उघडली आहे, आणि तिच्या दारात मधल्या माणसांची मोठी गर्दी आहे. तुमच्या मुलांनी तुमच्याकडे पाहून, "येथे काय लिहिले आहे?" असे विचारले, तर तुम्हांला ते वाचून सांगता आले पाहिजे. पुढच्या वर्षीच्या वार्षिकात कोणा विद्यार्थ्याने माझ्या दुभाष्यातील चूक दाखविणारा लेख लिहिला, तर या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन. तोपर्यंत एक वही, एक मित्र आणि एक शनिवार, एवढे आरंभास पुरेसे आहे.